सॅक्सोफोन पितळेचा, कुटुंब लाकडाचे

थ्रेड : पाश्चात्त्य वाद्यवृंदात सॅक्सोफोन असला की त्याचे पितळी अंग लांबूनही चमकते. तरीही तो ब्रास म्हणजे पितळी वाद्यांत मोडत नाही; त्याची गणना वुडविंड म्हणजे लाकडी फुंकवाद्यांत होते. बासरीचेही तेच. थेओबाल्ड बोम याने १८४७ मध्ये धातूची नवी बासरी सिद्ध केली. आज वाद्यवृंदातील बहुतेक बासऱ्या धातूच्याच असतात, कुटुंब मात्र लाकडाचे राहिले. हा घोळ कशामुळे झाला, आणि त्यातून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात कलकत्त्याहून ब्रसेल्सला गेलेल्या काही पेट्यांचा वाटा काय, याची ही हकिगत.

वाद्यवृंदाची कुटुंबे चार : तंतुवाद्ये, वुडविंड, ब्रास आणि आघातवाद्ये. यातील पहिले नाव काय कंप पावते ते सांगते, मधली दोन वाद्य कशाचे घडवले ते सांगतात आणि चौथे वादक काय करतो ते सांगते. एकाच कोष्टकात तीन निरनिराळे प्रश्न! वादकांना बसवण्यासाठी आणि स्वरलेखनाची पाने मांडण्यासाठी ही सोय उत्तम आहे, पण तिला शास्त्र म्हणणे कठीण.

म्हणून फुंकवाद्य ओळखताना धातूकडे पाहू नये, वादकाच्या तोंडाकडे पाहावे. ओठच थरथरत असतील तर ते ब्रास : ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन. हवा कडेवर आपटत असेल किंवा वेताची पत्ती कापत असेल तर वुडविंड : बासरी, क्लॅरिनेट, ओबो. अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या वाद्याला क्लॅरिनेटसारखी एकेरी पत्ती आहे. निवाडा तेथेच होतो. याच कसोटीवर आपली तुतारी ट्रम्पेटची नातलग ठरते आणि दुहेरी पत्तीची सनई ओबोची.

आघातवाद्यांचा पेच याहून अवघड. टिंपनीवर कातडे ताणलेले असते, झांजेला कातडेच नसते; दोन्ही एका रांगेत. पियानोत तारांवर हातोड्या पडतात. मग तो तंतुवाद्य की आघातवाद्य? तार, फुंक आणि आघात ही त्रिविध विभागणी युरोपात सहाव्या शतकातील कॅसिओडोरसपासून चालत आली होती, आणि तिसऱ्या कप्प्यात उरलेले सारे भरले जाई.

भरताच्या नाट्यशास्त्राने अठ्ठाविसाव्या अध्यायात वेगळी वाट धरली आहे. तत, सुषिर, अवनद्ध आणि घन : तार, पोकळीतील हवा, मढवलेले कातडे आणि स्वतः नाद देणारे भरीव अंग. युरोपने एकत्र ठेवलेले मृदंग आणि टाळ येथे विभक्त होतात. संतूर काड्यांनी वाजते, तरी ते ततच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर रचला, त्याच्या वाद्याध्यायातही हेच चार वर्ग आहेत.

गंमत अशी की भरताचा प्रत्यक्ष वादकसमूह, ज्याला तो कुतप म्हणतो, या वर्गांनुसार बसत नाही. गायक आणि वीणावादकांच्या ततकुतपात बासरीवालाही आहे. म्हणजे वाद्याची जात एक आणि त्याची बैठक दुसरी, हे दोन प्रश्न त्याने वेगळे ठेवले होते. युरोपीय वाद्यवृंदाची गल्लत नेमकी येथेच आहे.

आता कलकत्ता. पाथुरियाघाटाच्या ठाकूर घराण्यातील सौरीन्द्रमोहन ठाकूर यांनी १८७१ मध्ये संगीतशाळा काढली आणि १८७५ मध्ये वाद्यांवर ‘यंत्रकोष’ हा बंगाली ग्रंथ प्रसिद्ध केला. देशोदेशींच्या राजांना ग्रंथ व वाद्ये भेट पाठवण्याचा त्यांना छंदच होता. १८७६ मध्ये त्यांनी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला सुमारे शंभर भारतीय वाद्ये दिली.

ही वाद्ये ब्रसेल्सच्या संगीतविद्यालयाच्या नव्या संग्रहालयात आली. १८७७ पासून तेथील अभिरक्षक होता व्हिक्टर-शार्ल माहियों, वाद्ये घडवणाऱ्या घरातला माणूस. सारंगी, तबला, झांजा कोणत्या खणात ठेवायच्या? वाद्यवृंदाची कुटुंबे येथे अपुरी पडणार हे उघड होते. १८८० मध्ये त्याच्या सूचीचा पहिला खंड निघाला, त्यात वर्ग चार : स्वनादी, पडद्याची, तारेची आणि हवेची. क्रम सोडला तर घन, अवनद्ध, तत आणि सुषिर.

योगायोग? भारतीय वाद्ये त्याच्या हाताखाली होती आणि त्या वाद्यांच्या दात्याने वाद्यांवर ग्रंथ लिहिलेला होता; तेव्हा प्रेरणा भारतीय होती हे मत अभ्यासकांत रूढ आहे आणि ते पटण्याजोगेही आहे. मात्र ‘सारे आपलेच चोरले’ हा सूर येथे चुकीचा ठरेल. चार वर्गांच्या खालची उपवर्गांची उतरंड माहियोंने स्वतः बांधली, आणि जगभरची वाद्ये तिच्यात बसवून पाहण्याचे कष्टही त्याचेच.

१९१४ मध्ये एरिख फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी ती चौकट घेऊन ग्रंथालयांच्या दशांश पद्धतीने तिला क्रमांक दिले. संग्रहालये आजही तीच वापरतात. माहियोंचा ‘ऑटोफोन’ हा शब्द त्यांनी टाळला, कारण त्यातून आपोआप वाजणाऱ्या यंत्रांचा भास होई. त्याऐवजी आला ‘इडिओफोन’. पंढरीच्या वाटेवरचा टाळ आज जगातील कोणत्याही संग्रहालयात गेला, तर त्याच्या चिठ्ठीवर हाच शब्द पडतो.