लोगानचं टॉप मॉडेल

जीपच्या कुळातल्या गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या महिंद्रच्या नाशिक कारखान्यातून परदेशी घडणीच्या दोन सेडानही रस्त्यावर आल्या. १९९६ साली फोर्डबरोबरच्या भागीदारीतून एस्कॉर्ट आली, २००७ साली रेनोबरोबरच्या भागीदारीतून लोगान. १९७० ची लंडन-मेक्सिको रॅली जिंकणारं एस्कॉर्टचं नाव इथे साध्या १.३ लिटर पेट्रोल आणि १.८ लिटर डिझेल इंजिनांवर आलं, आणि फोर्डने चेन्नईजवळ आपला कारखाना उभारल्यावर तिची जागा आयकॉनने घेतली. लोगानची कथा मात्र अजून नीट समजून घेतली गेलेली नाही. तिचा घात करामुळे झाला असं सर्रास सांगितलं जातं. माझ्या मते तो झाला तिच्या टॉप मॉडेलमुळे.

लोगान मुळात रुमानियासाठी, काटकसरीचं गणित मांडून आखलेली गाडी. डावा आणि उजवा साइड मिरर एकाच साच्यातला, हॉर्न स्टिअरिंगवर नसून इंडिकेटरच्या दांड्याच्या टोकाला. त्या बदल्यात ५१० लिटरची डिकी, मागे तिघांना ऐसपैस जागा आणि कमी डिझेल पिणारं १.५ लिटरचं इंजिन. बेस मॉडेलला ही काटकसर शोभून दिसते. पण डीएलई हे बेस मॉडेल सोडून डीएलएस या टॉप मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्यालाही तोच डॅशबोर्ड, तोच चौकोनी आकार आणि हॉर्नचं तेच बटण मिळे. शेजाऱ्याला दिसेल असा फरक नाही, मग घरची गाडी म्हणून ती कोण घेणार? टॅक्सीवाल्यांनी तिची पारख केली, मनापासून केली; पण टॅक्सी म्हणून ठसलेली गाडी आपल्या मध्यमवर्गाने दारात उभी करायचं टाळलं.

आता कराचं. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क १६ टक्क्यांवर आणलं, बाकीच्यांचं २४ टक्केच राहिलं, आणि लोगान जवळपास सव्वाचार मीटर लांब. हे खरंच. पण २००८ ची मारुतीची डिझायर ही सेडानही ४.१६ मीटरची होती, तोच कर भरून ती धडाक्याने खपली. चार मीटरच्या आत ती आली २०१२ साली. तिच्या झेडएक्सआय या टॉप मॉडेलमध्ये वाढीव पैशांचं काय झालं ते डोळ्यांना दिसत होतं. २०१० साली रेनो बाहेर पडली, पुढे लोगानची व्हेरिटो झाली आणि २०१३ साली मागची बाजू छाटून चार मीटरच्या आत बसवलेली व्हेरिटो व्हाइब आली. कराची अडचण संपली, तरी गिऱ्हाईक आलं नाही. दोष नाशिकच्या कामगारांच्या हातात नव्हता. तो व्हेरियंट ठरवणाऱ्यांच्या टेबलावर होता.