गुप्त नभोवाणीची पोच : 1942 मधील एका प्रक्षेपकाची कसोटी

बुलढाणा व मुंबई यांमधील हवाई अंतर सुमारे 390 किलोमीटर आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सुरू झालेल्या गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’चा आवाज अशा दूरच्या जिल्ह्यात पोहोचू शकत होता काय, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. 16 ऑगस्ट रोजी विदर्भातच आष्टी व चिमूर येथे उठाव झाले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी चालू असता तेथील दडपशाहीची हकीकत या केंद्राने प्रसृत केली. विदर्भाची वार्ता विदर्भास ऐकू येणे शक्य होते काय, यावर त्या कार्याचे मोल काही अंशी अवलंबून राहते.

घरी जुळविलेल्या अल्पशक्तीच्या प्रक्षेपकाची कसोटी हौशी मंडळी दोन टप्प्यांत घेतात. प्रथम हवाई तारेऐवजी विजेचा दिवा जोडून त्याच्या प्रकाशावरून शक्तीचा अंदाज घेतला जातो. या वेळी लहरी बाहेर जवळजवळ जात नाहीत. नंतर तार जोडून दूरच्या ग्राहक यंत्रावर ध्वनी कसा उमटतो, ते पाहतात. खरा निर्णय दुसऱ्या टप्प्यातच होतो, आणि त्याचा पुरावा म्हणजे ऐकणाऱ्याने धाडलेले पोचपत्र. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील हौशी परवाने रद्द झाले व हा मार्ग खुंटला.

काँग्रेस रेडिओने आपली लहर 42.34 मीटर अशी घोषित केली होती. सेकंदास सुमारे 70 लक्ष 80 हजार आवर्तनांची ही लघुलहर हौशी मंडळींच्या 40 मीटर पट्ट्यातीलच होय. तिचा भूमीलगतचा प्रवाह काही दशक किलोमीटरांतच क्षीण होतो. सह्याद्री ओलांडून वऱ्हाडात पोहोचावयाचे, तर तिला आयनांबरावरून परावर्तित होऊनच यावे लागते. रात्रीच्या प्रक्षेपणास हे अशक्य नव्हते. परंतु ते यंत्राच्या शक्तीइतकेच त्या रात्रीच्या आयनांबराच्या स्थितीवर अवलंबून होते.

27 ऑगस्टपासून चाललेल्या या केंद्राला उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदींनी चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम मार्गावरील अजित व्हिला, गिरगावातील पारेख वाडी अशा जागांतून फिरते ठेवले. डॉ. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन त्यास लाभले. पत्रक वाटणारा निघून गेल्यावरही पत्रक उरते; प्रक्षेपक मात्र बोलत असतानाच आपले स्थान उघड करतो. म्हणून श्रोत्यांकडून पोचपत्र मागविण्याची सोय येथे मुळातच नव्हती. प्रत्येक प्रक्षेपण ही कसोटी होती, आणि प्रत्येक कसोटी हा धोकाही होता.

12 नोव्हेंबर 1942 रोजी पारेख वाडीत पोलिसांनी छापा घातला. यंत्रणेची माहिती असलेल्या तंत्रज्ञाकडून पोलिसांना सुगावा लागला, असे उषा मेहता यांनी पुढे सांगितले. 1943 मध्ये खाकर यांना पाच व उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

या प्रक्षेपणांचे शब्द आज वाचता येतात, ते मुख्यतः सरकारी श्रवणविभागाने घेतलेल्या टिपणांमुळे. जो आवाज बंद पाडावयाचा, तो रोज लक्षपूर्वक उतरून घेणे सरकारला भाग पडले. हौशी केंद्रास मित्राकडून जी पोच मिळते, ती या केंद्रास प्रतिपक्षाच्या दप्तरातून मिळाली.