दुपारी एकचा नियम

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रानटर्कीचा वसंतातला हंगाम सुरू होतो. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधीपासून बार काढायला मुभा. आणि दुपारी एक वाजला की बंदूक रिकामी करायची, मग समोर तीस पावलांवर पिसारा फुलवून नर उभा असला तरी. सरकारी जमिनीवर हा नियम आजही असाच आहे. पहाटे चारला उठून, थंडीत झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसलेला माणूस एकच्या ठोक्याला उठतो आणि गाडीकडे चालू लागतो.

या ‘एक’चा माग काढत गेलो तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

१८१८ च्या हिवाळ्यात हेन्री रो स्कूलक्राफ्ट हा तरुण दक्षिण मिसूरीतल्या ओझार्कच्या डोंगराळ मुलखातून फिरला. त्याच्या रोजनिशीत टर्की वारंवार येते, कारण तीच त्या काळी रानातली भाजीभाकरी होती. वसाहतवाले तिला सापळ्यातही धरत, आणि तो सापळा समजून घेण्याजोगा आहे. ओंडके एकावर एक रचून कमरेएवढा खुराडा करायचा, वरून झाकायचा. एका भिंतीखालून चर खणायचा आणि चरातून आतपर्यंत मक्याचे दाणे टाकत न्यायचे. टर्की मान खाली घालून दाणे टिपत टिपत आत शिरते. आत गेल्यावर मान वर करते आणि मग वरच पाहत राहते. फटींतून उजेड दिसतो म्हणून ती ओंडक्यांभोवती घिरट्या घालते. पायाशी असलेला चर तिच्या ध्यानातच येत नाही. सकाळी माणूस येऊन सगळा थवा काढून नेई. आजच्या नियमांत दाणे टाकून शिकार करायला सक्त मनाई आहे. त्या कलमाचे मूळ अशा खुराड्यांत आहे.

बंदूक आणि सापळा यांनी थवे विरळ केले, पण पक्ष्याचे घर मोडले करवतीने. दक्षिण मिसूरीतले पाइनचे जुने रान एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ग्रँडिनसारख्या गावांतल्या प्रचंड गिरण्यांनी कापून काढले. लाकूड संपले, गिरण्या गेल्या. उरलेल्या मुलखात लोकांनी डुकरे आणि गुरे मोकळी सोडली आणि चाऱ्यासाठी दरवर्षी रान पेटवायचा पायंडा पडला. टर्कीचे घरटे म्हणजे जमिनीवरचा पाचोळ्यातला खळगा. वणव्यापुढे आणि डुकरांपुढे त्याचा काय पाड लागणार?

कायदे नव्हते असे नाही. १९०५ च्या वॉम्सली कायद्याने मिसूरीत शिकारीचे प्राणी-पक्षी राज्याच्या मालकीचे ठरवले. ही मालकीची भावना राज्याला इतकी प्रिय होती की केंद्राने स्थलांतरी पक्ष्यांवर हक्क सांगताच मिसूरीने सर्वोच्च न्यायालय गाठले आणि १९२० मध्ये ते खटला हरले. स्थलांतर करणारे बदक केंद्राच्या नियमांत गेले. टर्की मात्र कुठेच जात नाही, जन्मली त्याच डोंगरात मरते, म्हणून ती राज्याकडे राहिली. टर्कीचे हंगाम प्रत्येक राज्यात वेगळे का, याचे उत्तर इथे आहे. पण राज्याचे शिकारनियम विधिमंडळ करी आणि वनरक्षक नेमले जात ते पक्षाच्या वशिल्याने. अशा राखणीचे जे व्हायचे तेच झाले.

बदल लोकांनी घडवला. नोव्हेंबर १९३६ मध्ये मिसूरीच्या मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती केली आणि वन्यजीवांचा कारभार चार सदस्यांच्या आयोगाकडे सोपवला. चौघांपैकी एका पक्षाचे दोनपेक्षा जास्त नकोत, ही अट त्यातच घातली. नियम करण्याचा अधिकार राजकारण्यांच्या हातून काढून पक्षी जाणणाऱ्यांच्या हाती देण्याचा हा निर्णय मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा वाटतो. १९३७ मध्ये नवे खाते सुरू झाले आणि टर्कीची शिकार बंद करण्यात आली.

नुसत्या बंदीने पक्षी वाढेनात. त्याआधीपासून एक सोपा उपाय चालू होता: पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्क्या हजारोंनी रानात सोडायच्या. या टर्क्यांमध्ये पाळीव रक्त मिसळलेले असे. पाळीव टर्की मूळची मेक्सिकोची. स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि पुढे ती आपल्या किनाऱ्यालाही लागली. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला हा पक्षी जहांगीर बादशहाला इतका अजब वाटला, की त्याने दरबारातल्या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. मन्सूरचे म्हणून ओळखले जाणारे ते चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. दरबारात शोभणारा हा पक्षी ओझार्कच्या रानात मात्र टिकेना.

का टिकेना, हे शोधले स्टार्कर लिओपोल्डने. वन्यजीवशास्त्रज्ञ अल्डो लिओपोल्डचा हा मुलगा मिसूरीच्या केनी माउंटन अभयारण्यात दोन्ही वाणांच्या टर्क्या न्याहाळत बसला. त्याचा निबंध १९४४ मध्ये छापला गेला. अस्सल रानटर्कीचा मेंदू आणि काही ग्रंथी संकरित पक्ष्यापेक्षा मोठ्या निघाल्या. पण खरा फरक वागण्यातला होता. रानमादीने धोक्याचा सूर काढला की पिल्ले जागच्या जागी पाचोळ्यात चपटी होतात, हलत नाहीत. माणसाच्या पायाखाली येतील पण उठणार नाहीत. संकरित पिल्लांत ही शिस्त कच्ची. शिवाय संकरित पक्षी विणीला लवकर बसत आणि थंडी-पावसात अंडी गमावत. रान रक्तात असावे लागते, हे त्याने मोजून दाखवले.

मग उपाय एकच उरला: उरलेल्या रानटर्क्या धरायच्या आणि दुसऱ्या रानात नेऊन सोडायच्या. पण इतका सावध पक्षी धरायचा कसा? ती युक्ती मिसूरीतच सापडली होती. स्वॉन लेकच्या पाणपक्षी आश्रयस्थानात १९४० च्या दशकाच्या शेवटी तोफजाळे तयार झाले. दाण्यांच्या कडेला जाळे घडी करून लपवायचे, त्याला छोट्या तोफांचे गोळे बांधलेले. माणूस दूर लपणात बसून कळ दाबतो, धडाका होतो आणि पक्ष्यांनी मान वर करेपर्यंत जाळे त्यांच्यावरून पलीकडे पडलेले असते. एकेकाळी खुराड्यातल्या दाण्यांनी थवे संपवले. आता तेच दाणे थवे वाचवायला कामी आले.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर अडीच हजारसुद्धा रानटर्क्या उरल्या नव्हत्या. १९५४ पासून पकडून सोडण्याचे काम सुरू झाले ते पंचवीस वर्षे चालले. पेक रँचसारख्या राखीव रानांतून निघालेल्या टर्क्या खोक्यांत बसून नव्या डोंगरांत गेल्या. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर त्या सुटल्या, त्यांनी राखण केली म्हणून त्या वाढल्या.

१९६० मध्ये आयोगाने धीर केला. हंगाम तीन दिवसांचा, फक्त १४ काउंट्यांत. सुमारे सातशे शिकाऱ्यांनी मिळून ९४ टर्क्या मारल्या. पूर्वी शिकार शरदात होई, नवा हंगाम ठेवला वसंतात, आणि इथे आपण त्या ‘एक’पाशी परत येतो.

टर्कीचा नर पिल्लांसाठी काहीही करत नाही. मीलन झाले की त्याचे काम संपले. मादी नराचे बीज अंगात कित्येक आठवडे साठवू शकते, त्यामुळे मीलनानंतर नर मेला तरी तिची अंडी फळतात. ती दहा-बारा अंडी घालते आणि २८ दिवस उबवते. म्हणजे माद्या अंड्यांवर बसू लागल्यावर काही नर कमी झाले तर पुढच्या पिढीला धक्का लागत नाही. याच हिशेबाने हंगामाचा पहिला दिवस २१ एप्रिलच्या जवळचा सोमवार धरतात. त्या सुमारास बऱ्याच माद्या घरट्याला लागलेल्या असतात आणि एकटे पडलेले नर पहाटे रातथाऱ्यावरूनच साद घालू लागतात. शिकारी लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतो आणि नराला जवळ बोलावतो. हा आवाज हाताने किंवा तोंडाने काढायचा, यंत्राने नाही. सकाळ हीच नराच्या सादेची वेळ. दुपारनंतर रानातला माणसांचा वावर थांबला की घरट्यावरची मादी निवांत राहते, चुकून तिच्यावर बार पडायचा धोका टळतो. एकचा ठोका तिच्यासाठी आहे.

बाकीची कलमेही अशीच वाचता येतात. पक्षी नर हवा किंवा त्याला दाढी दिसायला हवी. दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा राठ, केसाळ झुपका. क्वचित मादीलाही तो असतो आणि पहाटेच्या धूसर उजेडात भेद करणे कठीण, म्हणून कायद्याने खूण दाढीची धरली. छर्रे चार नंबरचे किंवा त्याहून बारीक, कारण रानात दुसरा शिकारीही लपणात बसलेला असू शकतो. नराच्या डोक्याचे रंग लाल, पांढरा आणि निळा, म्हणून या रंगाचा रुमालसुद्धा अंगावर नको, असे शिकवतात. १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हे शिक्षण घेतल्याशिवाय परवाना नाही. पक्षी पडला की जागेवरून हलवण्याआधी परवान्यावर तारखेची खाच पाडायची आणि त्याच रात्री दहाच्या आत नोंद करायची. पूर्वी त्यासाठी गावातल्या पेट्रोलपंपावरच्या नाक्यावर जावे लागे. मोटारीच्या टपांवर पक्षी ठेवून माणसे दाढ्या मोजत, गप्पा मारत उभी असत. आता नोंद फोनवर होते.

२००४ च्या वसंतात साठ हजारांवर टर्क्यांची नोंद झाली. त्यानंतर आकडे खाली आले. पिल्ले पूर्वीइतकी जगत नाहीत, ही आजची काळजी आहे. आणि अशाच काळात, २०२५ पासून, खासगी जमिनीवर एकची मर्यादा उठवून सूर्यास्तापर्यंत मुभा दिली गेली. दुपारी शिकारी थोडे आणि शिकार त्याहून थोडी होते हे खरे मानले, तरी घरट्यावरच्या मादीचा विचार करून घातलेली ही मर्यादा सैल होताना माझे मन कचरते.

मोजणी तरी सुटलेली नाही. १९५९ पासून दर उन्हाळ्यात राज्यभरचे साधे लोक दिसलेल्या माद्या आणि पिल्ले टिपून खात्याला कळवतात. जुलैत गवत कापणारा शेतकरी ट्रॅक्टर थांबवतो. बांधावरून एक मादी चालली आहे, मागे गवतात काहीतरी हलते आहे. एक, दोन, चार. तो खाली उतरत नाही. शेवटचे पिल्लू पार होईपर्यंत थांबतो आणि मग खिशातल्या कागदावर आकडा लिहितो.