बाप, पिता, माउली

सोलापुरात जानेवारी म्हणजे गड्डा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते पेलतात आणि होम मैदानावर पाळणे फिरू लागतात. त्याच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये प्रार्थना सप्ताह पाळण्याची जुनी प्रथा आहे. रोज संध्याकाळी जमायचे, एक विषय घ्यायचा, त्यासाठी देवाकडे मागणे करायचे. ही रीत विलायतेहून आली असेल, असे वाटते. तिचे आवाहन मात्र १८५८ साली पंजाबातल्या लुधियानाच्या मिशनऱ्यांनी केले होते. ते जगभर गेले आणि जानेवारी १८६० मध्ये पहिला सप्ताह पाळला गेला.

त्याच १८६० साली आगगाडी सोलापुरात पोहोचली. लोहमार्गामागोमाग त्या दशकात अमेरिकन मराठी मिशनही आले. हे मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरात काम करत होते. सोलापूरच्या पहिल्या पिढीतले मिशनरी म्हणून रेव्ह. चार्ल्स हार्डिंग यांचे नाव घेतले जाते. पुढे शाळा आल्या, विसाव्या शतकाच्या आरंभी मेरी हार्डिंग यांची बालशाळा आली, आणि घरोघर जाऊन वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया आल्या. गिरण्यांच्या या गावात घड्याळाचे राज्य भोंग्याने आणले होते, उपासनेची घंटा त्यात आणखी एक. रविवार हा ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, बाकांवर बसणे, पाळकाने मोठ्याने केलेली प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांचे ‘आमेन’.

घरातली प्रार्थना याहून वेगळी होती, आणि तीच अधिक टिकली. दिवेलागणीला किंवा जेवणाआधी घरातली माणसे एकत्र बसतात. कोणी तरी शास्त्रभाग वाचतो, एखादे गीत होते, मग घरातले वडीलधारे बोलतात. या बोलण्याला छापील मजकूर नसतो. आजारी शेजारीण, लेकीचे बाळंतपण, कर्जाचा हप्ता, लांबलेला पाऊस, सगळे त्यात येते. ‘तुम्हांला प्रार्थनेत आठवतो’ असे एकमेकांना सांगणे हा या घरांमध्ये साधा निरोप नव्हे. ते दिलेले वचन असते.

पण देवाला हाक काय मारायची?

जुन्या मराठी ख्रिस्ती भाषेत बाप्तिस्म्याच्या वेळी ‘बाप, पुत्र व पवित्र आत्मा’ असे म्हणत. पुढे ‘बाप’ जाऊन ‘पिता’ आला. हा बदल भाषा सुधारण्याच्या हेतूने झाला असेल, पण त्यात काहीतरी हरवलेही. सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर आहे आणि तिथे विठ्ठल शतकानुशतके मायबाप आहे. ‘बाप’ म्हटले की रानातून थकून आलेला, घामेजलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘पिता’ हा पोथीतला शब्द आहे, त्याच्याशी भांडता येत नाही. मराठी माणूस देवाशी भांडतो, त्याला ‘तू’ म्हणतो, रुसतो. ख्रिस्ती प्रार्थनेने ‘तू’ पहिल्यापासून घेतला. त्यातला हक्क घ्यायला मात्र वेळ लागला.

तो हक्क मिळवून देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत रेव्ह. नारायण वामन टिळक अग्रभागी होते. त्यांच्या आधी अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी मराठी वळणाची गीते आणि ख्रिस्ती कीर्तन रुजवायला सुरुवात केली होती. टिळकांची गोष्टही आगगाडीतच सुरू होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि वाचताना प्रार्थना करत राहायला सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरात नातलगांकडे होत्या. नवरा धर्म सोडून गेलेला आणि आपण विठोबाच्या गावात, अशा दिवसांची आठवण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. त्यांनी स्वतः १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. हे नुसते शोभेचे वाक्य नव्हते. त्यांनी अभंग लिहिले, भजने रचली आणि ख्रिस्ताला माउली म्हटले. त्यामुळे प्रार्थना बाकावरून उतरून जमिनीवर, टाळांच्या शेजारी येऊन बसली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची पुष्कळ गीते आहेत. पाश्चात्त्य चालींची भाषांतरेही आहेत, तीही लोक मनापासून गातात. तरी अंत्यविधीला किंवा आजाऱ्याच्या उशाशी कोणते गीत ओठांवर येते, ते ऐकावे. तिथे भजनाचा ठेका बहुधा जिंकतो.

१९१७ मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसता यावे, ही त्यामागची कल्पना होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते गेले.

‘प्रार्थना’ हा शब्द तोवर ख्रिस्ती मंडळीपुरता उरला नव्हता. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. मूर्तीशिवाय, सर्वांनी एकत्र बसून साप्ताहिक उपासना करण्याच्या त्याच्या पद्धतीवर ख्रिस्ती वळण दिसते, आणि त्याच वेळी तुकारामाचे अभंगही तिथे गायले जात. या समाजाशी जोडलेला अनाथ बालकाश्रम १८७५ पासून पंढरपुरात उभा राहिला, टाकून दिलेल्या अर्भकांसाठी. एकाच जिल्ह्यात, त्याच दशकांमध्ये, मिशनचे लोक आणि समाजाचे लोक प्रार्थनेनंतर पोरक्या मुलांच्या कामाला लागत होते.

लोहमार्गाने सोलापूरहून पुण्याकडे जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथलेच. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी आश्रमातल्या बायकांना विशेष प्रार्थनेला बोलावले. सत्तरेक जणी पुढे आल्या आणि महिन्यांमागून महिने ही संख्या वाढत गेली. जूनच्या अखेरीस त्या सभांना वेगळाच आवेग आला. मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. पाहुण्यांना तो गोंधळ वाटला. पण दुष्काळात घरदार गमावलेल्या या मुलींना आपले दुःख स्वतःच्या आवाजात मांडण्याची अशी संधी आधी कोणी दिली होती? पाळकाने सगळ्यांच्या वतीने बोलायचे आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचे, ही रीत केडगावात त्या पावसाळ्यात मोडली.

सोलापूरच्या या इतिहासात एक जागा टोचते. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी सरकारने इथे तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभारली आणि तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे दिली. शाळा, काम, औषध, सगळे होते, पण हजेरीही होती, आणि परवानगीशिवाय बाहेर जाता येत नव्हते. जो देवाला सगळ्यांचा बाप म्हणायला शिकवतो, त्यानेच हजेरी घ्यावी, हे जुळणारे नव्हते. मिशनऱ्यांचा हेतू प्रामाणिक असेल, तरी कुंपणाच्या आत शिकवलेल्या प्रार्थनेवर त्या कुंपणाची सावली पडणारच. जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ साली देशभरातून गेला. सेटलमेंट हे नाव सोलापूरच्या एका भागाला अजून चिकटलेले आहे.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी मराठी मंडळ्यांतल्या बायका जागतिक प्रार्थना दिन पाळतात. त्या वर्षीची उपासना दुसऱ्याच कुठल्या देशातल्या बायकांनी लिहिलेली असते. तिचे मराठी पान हातात धरून एकजण वाचते, बाकीच्या उत्तर देतात. मग मोकळ्या प्रार्थनेची वेळ येते. पान मांडीवर उलटे ठेवले जाते, पदर डोक्यावर ओढला जातो, आणि आजाऱ्यांची नावे एकेक करून घेतली जातात.