दर्या, दऱ्या आणि यंत्राची पाठचिकित्सा

रत्नागिरीजवळच्या पालीच्या पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस, साखरप्यापलीकडे, आंबा घाटाच्या दऱ्या आहेत. या दोन शब्दांत फरक आहे तो केवळ रकाराच्या रूपाचा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही जोडी तर व्याकरणाच्या तासाला हमखास येते. छापखान्यात हा भेद खिळे जुळवणारा सांभाळत असे. संगणकावर तो कोण सांभाळतो?

१९९१ साली आलेल्या युनिकोडने 'ऱ'ला स्वतंत्र संकेतांक दिला. परंतु संकेतांक म्हणजे अक्षराकृती नव्हे. संकेतांकांच्या ओळीतून जोडाक्षर घडवण्याचे काम वेगळी आज्ञावली करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस यांत हे काम 'हार्फबझ' करते. तिचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फाहबोद यांनी २०१२च्या सुमारास भारतीय लिप्यांचे नियम बसवताना विकिपीडियातून शब्द गोळा केले. देवनागरीचेच सात लाखांहून अधिक. प्रत्येक शब्द हार्फबझ आणि मायक्रोसॉफ्टची 'युनिस्क्राइब' या दोहोंना देऊन उत्तरे यंत्राकरवी ताडली जात. नियमात बदल झाला की पुन्हा सारी पडताळणी, आणि न जुळलेल्या शब्दांची नोंद. कमांड लाइनवरून चालणारा 'एचबी-शेप' हा छोटा प्रोग्राम आजही अशीच परीक्षा देतो: शब्द आणि अपेक्षित आकृतिक्रम आधी लिहून ठेवलेला असतो, निराळे उत्तर आले की चाचणी नापास.

साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत अनोळखी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती श्लोकागणिक हस्तलिखिते ताडूनच. मात्र पाठभेद सापडणे वेगळे आणि ग्राह्य पाठ ठरवणे वेगळे. सुकथनकरांनी कोणतीही एक पोथी प्रमाण मानून तिची नक्कल केली नाही. युनिस्क्राइबही एक पोथीच; तिच्याशी जुळणे म्हणजे बरोबर असणे नव्हे. यंत्र फरक दाखवते, निवाडा माणसालाच करावा लागतो.

आणखी एक गोष्ट उरते. जो शब्द यादीत नाही, त्याची परीक्षाच होत नाही. बखरींतील जुनी रूपे, कोकणातल्या बोलींचे शब्द संगणकावर कोणी लिहिलेच नाहीत, तर ते तपासले तरी कसे जाणार? हे काम मात्र प्रोग्रामरचे नाही. ते मराठीच्या अभ्यासकांचे आहे.