गळक्या नळाचा पूर्वेतिहास

मुंबईच्या उपनगरातील वाकोल्याच्या नशिबी पाण्याचा एक विचित्र योग आलेला आहे. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी नदी माहीमच्या खाडीकडे जाता जाता वाकोल्याचा नाला पोटात घेते. तानसा तलावाचे अजस्र नळ याच बाजूने शहराकडे जातात. त्यांच्या कडेच्या वस्तीला ‘पाइपलाइन’ हेच नाव लोकांच्या तोंडी बसून गेले आहे. शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेने २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. इतके पाणी भोवताली असता घरातल्या नळाला मात्र ते यायचे दिवसातले काही ठरलेले तास! आणि ज्या घरी ते असे मोजून मापून येते, त्याच घरच्या न्हाणीघरात हौसेने बसविलेली शॉवरची चकचकीत तोटी थोड्याच काळात टपटपू लागते. कारागीर येतो, तोटीच्या पोटातील ‘कार्ट्रिज’ गेले असे सांगतो, नवे बसवितो, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. हे कार्ट्रिज इतक्या लवकर का जाते, याचे उत्तर दुकानदाराच्या लबाडीत शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. लबाडी नसतेच असे नाही. परंतु खरे उत्तर बरेच मागे जाते.

१८६० पूर्वीची मुंबई विहिरी आणि तळी यांवर जगत होती. १८५४ च्या टंचाईने सरकारचे डोळे उघडले, आणि हेन्री कोनिबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्याच खोऱ्यात विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पुरे झाले. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, आणि १९५७ मध्ये वैतरणेचे धरण आले. त्या जलाशयाला पालिकेचे अभियंते मोडक यांच्या नावाने आज मोडक सागर म्हणतात. मधल्या काळात, १९५० मध्ये, वाकोल्यासह अंधेरीकडील उपनगरे बृहन्मुंबईत सामील झाली. तलाव वाढले, तशी माणसेही वाढली. आणि पाणी सगळ्यांना पुरावे म्हणून पाळीपाळीने सोडण्याची पद्धत कायमची होऊन बसली.

आता नळाकडे वळू. जुन्या काळचा नळ म्हणजे पितळी बुचाचा कॉक. आडवे भोक पाडलेले निमुळते बूच पाव वळसा फिरविले की पाणी सुरू, पुन्हा फिरविले की बंद. त्यात दोन दोष होते. धातूवर धातू घासून फट पडे, आणि पाणी एकदम अडल्यामुळे नळाला आतून दणका बसे. इंग्लंडातील शहरांत दाबाखाली अखंड पाणी खेळू लागले तेव्हा हे दोष असह्य झाले. रॉदरहॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखानदारांनी १८४५ मध्ये मळसूत्री तोटी काढली. तिच्यात मळसूत्राच्या टोकाशी चामड्याची मऊ चकती असे. ती हळूहळू खाली येऊन पाण्याचे तोंड दाबून धरी. हीच आपली ‘वायसर’वाली तोटी. या तोटीचा मोठा गुण असा की तिच्यात झिजायचे ते चकतीने झिजावे, तोटीने नव्हे. बाजारातून वायसर आणावा, पान्याने डोके उघडावे, आणि दहा मिनिटांत काम उरकावे. मुंबईच्या चाळींतील कित्येक गृहस्थांना एवढे नळकाम येत असे.

दोन तोट्यांच्या ठिकाणी एक दांडा आला तो अमेरिकेत. वॉशिंग्टन विद्यापीठात शिकणाऱ्या अल मोएन या तरुणाने १९३७ मध्ये दोन तोट्यांचा नळ उघडला, आणि कढत पाण्याने त्याचा हात पोळला. गरम व थंड पाणी एकाच दांड्याने मिसळता आले पाहिजे, हा ध्यास त्याने घेतला. १९४७ मध्ये त्याचा नळ सॅन फ्रान्सिस्को शहरी विक्रीस आला. योगायोग असा की त्याच १९३७ मध्ये नील्स क्रिस्टन्सेन या बहात्तर वर्षांच्या, जन्माने डॅनिश कारागिराने रबरी कड्याच्या एकाधिकारासाठी अमेरिकेत अर्ज केला होता. हे कडे, म्हणजे ‘ओ-रिंग’, आज प्रत्येक कार्ट्रिजच्या अंगावर दिसते. पुढे मिश्रणाच्या तोट्यांत भाजलेल्या चिनीमातीसारख्या, वस्तुतः अॅल्युमिनाच्या, दोन चकत्या आल्या. त्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की एकीवर एक ठेवली असता मधून पाणी जात नाही. वरची सरकली की भोके जुळतात आणि धार लागते.

येथे एक गंमत ध्यानात येते. पृष्ठावर पृष्ठ सरकवून पाणी अडविणे आणि ते एका झटक्यात अडविणे, या दोन्ही गोष्टी त्या जुन्या पितळी बुचाच्याच! नव्या तोटीने १८४५ च्या आधीचा मार्ग पुन्हा धरला. फक्त पितळेच्या जागी फार कठीण आणि फार सपाट पदार्थ घातला. जेथे पाणी स्वच्छ आणि अखंड असते तेथे ही युक्ती वर्षानुवर्षे टिकते. वाकोल्यासारख्या ठिकाणी तिची गाठ वेगळ्याच पाण्याशी पडते.

पाणी बंद झाले की रस्त्यातील नळ रिते होतात. सांध्यांतून माती आत येते, जुन्या लोखंडाचा गंज सुटतो, आणि पुढल्या पाळीला पहिल्या लोंढ्याबरोबर हे सारे इमारतीच्या तळच्या टाकीत शिरते. तेथून पंपाने ते गच्चीवर चढते. गाळ टाकीच्या बुडाशी बसतो, आणि टाकी तळाला गेली की नेमका तोच खाली उतरतो. अॅल्युमिना वाळूपेक्षाही कठीण असल्यामुळे वाळूने चकती सहसा ओरखडत नाही, हे खरे. पण कण दोन चकत्यांच्या मध्ये अडकला की त्या एकमेकींपासून किंचित विलग होतात, आणि थेंब सुरू होतो. मग घरातील कोणीतरी दांडा जोराने दाबतो. कणावर जोर आला की चकतीचा कडेचा टवका उडतो. आणि टवका उडालेली चकती काही केल्या पुन्हा सांधत नाही.

रबराची कहाणी निराळी. गीझरचे कढत पाणी आणि जंतुनाशासाठी घातलेले क्लोरीन यांनी हलके रबर कडक होते, चिरते. दांडा जड झाला म्हणून काही जण खोबरेल तेल किंवा यंत्राचे ग्रीस आत सोडतात. काही जातींचे रबर त्याने फुगते आणि दुखणे वाढते. तेथे सिलिकोनचेच ग्रीस चालते. मुंबईच्या तलावांचे पाणी पावसाचे, त्यामुळे मृदू. क्षार त्यात थोडे. परंतु पालिकेचे पाणी पुरेना म्हणून बोअरचे वा टँकरचे पाणी टाकीत मिसळले, की गरम होताच त्यातील चुना गीझरमध्ये आणि चकतीच्या भोकांशी बसू लागतो.

नव्या इमारतींत तर तोटी जन्मतःच रोगी असते. नळ जोडल्यावर ते मोकळे सोडून धुऊन काढायचे असतात. घाईत हे राहते, आणि सिमेंटचे खडे, तागाचे धागे, टेपचे तुकडे सरळ नव्या कार्ट्रिजमध्ये जाऊन बसतात. ज्या कारागिराला हे ठाऊक आहे तो आधी कॉक बंद करतो, कार्ट्रिज बाहेर काढतो, बादली धरून दोन्ही वाटांनी पाणी सोडतो, बैठक बोटाने पुसतो, आणि वरची चकरी बेताने आवळतो. फार आवळली तर चकत्या जखडतात, सैल राहिली तर खालून पाझर लागतो. शॉवर बंद केल्यावर मिनिटभर ठिबकणारे पाणी वरच्या नळीत राहिलेले असते, ती गळती नव्हे, हेही तो सांगतो. आणि त्यामुळे पुष्कळ निष्पाप कार्ट्रिजे वाचतात.

गळतीचा हिशेब मात्र निष्पाप नाही. सेकंदाला एक थेंब, आणि चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला एकवीस लिटरांहून अधिक पाणी जाते. म्हणजे मोठी बादली भरून. जुन्या वायसरची भरपाई कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असे. कार्ट्रिज पस्तीस मिलिमीटरचे की चाळीसचे, पाय किती, दांडा चौकोनी की दातेरी, हे न जुळले तर सबंध तोटीच बदलावी लागते. म्हणून जाणते लोक तोटी घेतानाच तिचे एक जादा कार्ट्रिज मागून घेतात, टाकीतून उतरणाऱ्या नळावर जाळीचा गाळणा बसवितात, आणि टाकी धुतल्याच्या दिवशी पहिले पाणी शॉवरमधून न सोडता खालच्या नळाने बादलीत घेतात. ते पाणी पुष्कळदा तांबूस असते. घटकाभर ठेवले की त्याचा गाळ बादलीच्या तळाशी दिसतो.