आधी वेलांटी की आधी अक्षर?

'क'ला पहिली वेलांटी 'कि', असे आपण बाराखडीत शिकवतो. मुलाच्या मनात आधी 'क' येतो, मग वेलांटी. मराठी टंकलेखन यंत्रावर मात्र हा क्रम उलटा होता. असे का?

वेलांटी अक्षराच्या डावीकडे उमटते आणि यंत्रातला कागद एकाच दिशेने सरकतो. म्हणून वेलांटीची कळ आधी दाबावी लागे. शिवाय सुमारे ४६ कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे, एवढ्यात सारी मराठी बसवायची होती. त्यासाठी अक्षरांचे तुकडे केले गेले. 'ध' हवा असेल तर अर्धा 'ध' आणि काना, अशा दोन कळा दाबायच्या.

१८९७ मध्ये लालबागेत कुलुपांपासून सुरुवात करणाऱ्या गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढे गिरगाव-दादरच्या टायपिंग क्लासांत कित्येकांनी अशा मराठी यंत्रांवर बोटे बसवली. त्या विद्येवर घरे चालली. पण तिथे माणूस यंत्राच्या सोयीने विचार करायला शिकत होता.

संगणकाने ही सक्ती संपवली. कोणती कळ दाबली आणि कोणता आकार उमटला, या आता वेगळ्या गोष्टी झाल्या. वेलांटी योग्य जागी बसवण्याचे काम आज्ञावली करते. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' कळफलक स्वीकारला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानकात आला. त्यात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. 'क' आणि 'ख' एकाच कळीवर, 'इ' आणि तिची वेलांटीही एकाच कळीवर. ही मांडणी आपल्या वर्णमालेचीच आहे. म्हणून तीच कळ गुजरातीत आणि कन्नडमध्येही 'क'च देते.

तरीही जुनी मांडणी 'रेमिंग्टन' या नावाने संगणकावर टिकून राहिली, कारण बोटांना लागलेली सवय हाही माणसाच्या विचाराचाच भाग असतो. नव्या विद्यार्थ्याला मात्र ती सवय नसते. आज पुष्कळ मुले फोनवर रोमन अक्षरे टाइप करून मराठी लिहितात. 'त' आणि 'ट' यांतला भेद तिथे यंत्राच्या अंदाजावर सोडावा लागतो.

वर्गात हे करून पाहावे. 'किती' आणि 'धन' हे शब्द मुलांना तिन्ही पद्धतींनी, कळांच्या क्रमाने वहीत लिहायला सांगावेत. कोणता क्रम आपल्या बोलण्याशी जुळतो, हे मग त्यांनाच विचारावे.